जाळीत घातलेला हात

कामाच्या ठिकाणी आपली वस्तू जागेवर दिसली नाही की आपली नजर आधी शेजारच्याकडे वळते. तुमचीही वळते, माझीही. कोरियातल्या जेजू बेटावरच्या योनह्वाची जरा जास्तच पटकन वळायची, कारण तिने तसं भोगलंच होतं. पुसान शहरात नवरा वारला आणि दोघांनी घाम गाळून उभी केलेली खाणावळ सख्ख्या दिराने गोड बोलून घशात घातली. लेकीला घेऊन ती माहेरच्या गावी परतली आणि चाळिशीत समुद्रात बुड्या मारायला शिकू लागली. या गावच्या बायका श्वास कोंडून तळ गाठतात आणि शंख-शिंपले काढतात, त्यावरच त्यांची घरं चालतात. योनह्वाचं हे उमेदवारीचं वर्ष होतं. ते नीट पार पडलं तर ती कायमची त्यांच्यातली. नाहीतर मायलेकी पुन्हा दारोदार.

पाण्यात प्रत्येकीचा एक तरंगता गोळा असतो आणि त्याखाली जाळी. बुडी मारायची, हाती लागेल ते जाळीत टाकायचं, शीळ घालत श्वास सोडायचा, पुन्हा खाली. तेवढा वेळ जाळी राखायला कोणी नसतं.

आणि योनह्वाच्या जाळीतले शंख नाहीसे होत होते! सकाळी टाकलेले छोटे छोटे शंख दुपारी दिसायचे नाहीत. तिने कोणाला विचारलं नाही, गुपचूप एकेकीवर पाळत ठेवली. ही फार हसते. ती फार गप्प असते. आणि ती ओकसून मावशी? सत्तरी उलटलेली, खोल बुडीत आजही कोणाला हार न जाणारी; पण जाळी रोज निम्मीच! चोरलेला माल वाटेत कुठे लपवते कोण जाणे. ‘इथेच पाणी मुरतंय,’ योनह्वाने मनाशी ठरवून टाकलं.

एके दिवशी दम लवकर सुटला म्हणून ती घाईने वर आली. बघते तर ओकसून मावशीचा हात तिच्या जाळीत, कोपरापर्यंत!

दुपारी सगळ्या किनाऱ्यावरच्या दगडी आडोशात शेकोटीभोवती बसल्या. धूर लागत नाही त्या जागी मालसुन आजी होत्या, सगळ्यांच्या प्रमुख.

“आजी, आपल्यात एक चोर आहे,” योनह्वा उभी राहून म्हणाली.

“नाव घे,” आजी म्हणाल्या.

“ओकसून मावशी! त्यांचा हात माझ्या जाळीत होता. मी डोळ्यांनी पाहिलं. नाही म्हणून दाखवू दे त्यांना!”

ओकसून मावशी भाजलेलं रताळं सोलत होती. “होता ग बाई हात,” ती म्हणाली. “रताळं खातेस?”

“बघा! वर तोंड करून कबूल करतात!”

“योनह्वा, ओत तुझी जाळी,” आजी म्हणाल्या.

“माझी? चोर त्या, आणि झडती माझी?”

“ओत म्हणते ना!”

जाळी ओतली. आजींनी त्यातून तळहाताएवढा एक शिंपला उचलला. “हा कुठे मिळाला?”

“असाच... आज हात चांगला चालला.”

“हा त्या काळ्या खडकाखालीच मिळतो. तिथवर तुझा श्वास पुरतो? अर्ध्या वाटेतून तर शिट्टी वाजवत परत येतेस.” बायका फिस्सकन हसल्या. आजी मात्र हसल्या नाहीत. “आणि तुझे गेलेले शंख केवढे होते? हाताने दाखव.”

योनह्वाने अंगठा आणि बोट वर केलं, आणि तिचा हात तिथेच थांबला. एवढा लहान शंख परत समुद्रात सोडायचा, हा गावचा नियम तिला पहिल्याच दिवशी सांगितला होता!

“तसला एक जरी माझ्या नजरेस पडता, तरी तुझी उमेदवारी तिथेच संपली असती,” आजी म्हणाल्या. “ओकसूनने ते पाण्यात सोडले आणि स्वतःचे तुझ्या जाळीत घातले. गेलेलं बरं दिसलं तुला! आलेलं नाही दिसलं?”

दिसलं होतं. रोज दिसत होतं. पण मिळालं ते आपलं कर्तृत्व आणि गेलं ती दुसरीची चोरी, असं योनह्वाने धरलं होतं.

“मावशी, तुम्ही सांगितलं का नाही?” तिने कसंबसं विचारलं.

“सांगून काय, चारचौघींत तुला मान खाली घालायला लावायची?” ओकसून मावशी म्हणाली. “माझ्या आईला ह्याच पाण्याने नेलं. मी पोर होते, घरात धाकटी भावंडं. मला काही म्हणता काही मिळायचं नाही. पण किनाऱ्याला लागेपर्यंत जाळीत मूठभर असायचंच. कोणी टाकलं, अजून कळलेलं नाही.”

“मी काय कमी भोगलंय?” योनह्वाला रडू फुटलं. “लोकांनी लुबाडलं म्हणून मी अशी झाले!”

“भोगलंस, कोण नाही म्हणतं?” आजींचा आवाज निवळला. “पण लुबाडलं तुझ्या दिराने, त्याची शिक्षा हिला का? भोग दोघींच्या वाट्याला आले ग. हिला वाटलं, अशी वेळ दुसरीवर येऊ नये. तुला वाटलं, फक्त माझ्यावर पुन्हा येऊ नये. आच तीच असते. तिच्यावर रताळंही भाजतं आणि हातही.”

योनह्वाने जमिनीला कपाळ टेकवलं. ओकसून मावशीने तिच्यापुढे अर्धं रताळं धरलं. “माफी नंतर माग. हे गार होतंय.”

पुढच्या थंडीत ओकसून मावशीचा श्वास आखूड झाला. एका दुपारी ती धापा टाकत वर आली, तर योनह्वाचा हात तिच्या जाळीत!

“अग चोरटे!” मावशी ओरडली. “माझ्या जाळीत हात घालतेस?”

“कोपरापर्यंत घातलाय, मावशी! जा, सांगा आजींना!”

पाण्यावर सगळीकडे हसू पसरलं.

वाचकहो, संकट कोणालाच चुकत नाही. पण त्याने आपल्याला कडू करायचं की मायाळू, हे बरंचसं आपल्या हाती असतं. दुसऱ्याचा हात आपल्या जाळीत दिसला, तर ओरडण्याआधी ती एकदा ओतून पाहावी. आपण न मिळवलेलं बरंच काही तिच्यातून निघतं.