धुरीबाबाचा व्हायरस

जासईच्या समाजमंदिरात बायकांची रीघ लागली होती. कुणाच्या छातीत गाठ, तर कुणाच्या मनात नुसतीच भीती. धुरीबाबा वर्तमानपत्राचं कात्रण नाचवत होता.

"वाचा. उंदरीच्या स्तनाच्या कॅन्सरला व्हायरस कारण आहे, बाईतही असेल म्हणतात. शास्त्रज्ञ अजून शोधतायत. मी काढून दाखवतो."

बाई पडद्याआड बसायची. बाबा पडद्याखालून शेगडी सरकवायचा, निखाऱ्यावर बटव्यातलं चिमूटभर औषध टाकून मंत्र पुटपुटायचा. तडतड आवाज, धूर, आणि शेगडीखालच्या परातीतल्या पाण्यात बारीक पांढरे किडे. "निघाला व्हायरस." लगेच सगळ्यांचे हात जोडले जायचे.

मी गावातली डॉक्टर. मैनाच्या स्तनातली गाठ पावसाळ्याआधी मीच तपासली होती, आणि तिला मुंबईच्या इस्पितळात जायला सांगितलं होतं. पण तिचा नवरा जयदेव तिला इथे आणत राहिला; आज तिची जाऊही सोबत आली होती. आता गाठ काखेपर्यंत पोचली होती.

"बाबा बोलतो, अजून व्हायरस उरलाय," मैना खालच्या आवाजात म्हणाली. "जाव माजं ताट वेगलं ठेवते. पोराला माज्याजवल येव देत नाय."

तिचा नंबर आला तशी मी तिच्यासोबत पडद्याआड गेले, तिला बाजूला उभं केलं आणि तिच्या जागी लोड ठेवला.

"बाई, श्वास ओढ," बाबा पलीकडून म्हणाला. "फार जुना व्हायरस आहे."

परातीत किडे पडले. मी पडदा ओढून काढला.

"जयदेव, बघा. लोडाला कॅन्सर झालाय."

बाबाच्या बटव्यातलं औषध मी स्वतः निखाऱ्यावर टाकलं. मंत्र नाही, काही नाही. किडे पडलेच. ते रिंगणीचं, रानातल्या काटेरी झुडपाचं बी होतं. तापलं की तडकतं, आतला वाकडा पांढरा कोंब उडून पाण्यात पडतो.

"मग पेपरात खोटं छापलंय का?" बाबा गुरकावला.

"पेपरात शंका छापलीय. बाईच्या बाबतीत अजून काही सिद्ध नाही. आणि व्हायरस डोळ्यांना दिसत नाही, परातीत कुठून पडणार?" मी मैनाच्या जावेकडे वळले. "हा रोग शेजारी बसून, एका ताटात जेवून लागत नाही."

जयदेव मान वर करेना. "उद्याच नेतो," एवढंच म्हणाला.

मैनाचा स्तन काढावा लागला, काखेतल्या गाठीही काढल्या. उपचार अजून चालू आहेत. वेळेवर गेली असती तर एवढं सोसावं लागलं नसतं. बाबा त्याच संध्याकाळी पळाला. दुसऱ्या कुठल्या गावात शेगडी पेटवून बसला असेल.

बायांनो, हाताला गाठ लागली तर लाजू नका, थांबू नका, डॉक्टरला दाखवा. आणि कुणी रोग काढून दाखवतो म्हणाला, तर आधी त्याचा बटवा उघडायला लावा.