मुलांना योग्य शिक्षा कशी द्यावी

ऋताच्या पानावर लोक येत होते, पण टिकत नव्हते.

कोलकात्यात, सॉल्ट लेकमधल्या एका कंपनीत ती मराठी वेबसाइटसाठी मजकूर लिहायची. लोक नेटवर काय शोधतात ते बघायचे आणि त्यांना हवे ते लिहून द्यायचे, असे ते काम. मराठी लिहिणारी ती एकटीच उरली होती. पन्नाशी उलटली होती, डोळे चुरचुरत, मान धरे, तरी दिवस रेटत होती.

तिचा साहेब अनीश बंगाली, वयाने भाच्यासारखा. त्याने आकडे पुढे केले. ‘मुलांना योग्य शिक्षा कशी द्यावी’ या पानावर सगळ्यात जास्त गर्दी होती, आणि दोन ओळी वाचून लोक माघारी फिरत होते. पान सुधारले नाही तर महिनाअखेर मराठी विभाग बंद करायचे वरून ठरले होते. हे सांगताना अनीश तिच्याकडे बघत नव्हता.

ऋताने पान पुन्हा वाचले. शाळा कशी निवडावी, गृहपाठ कसा घ्यावा, मातृभाषेतून शिकवावे की इंग्रजीतून. चूक काही सापडेना. अनीशलाही सापडेना. मग लोकांनी शोधताना काय काय टाइप केले होते, ते तिने उघडले. ‘शिक्षा केल्यावर मुलगा बोलत नाही.’ ‘मुलीला उपाशी ठेवणे चूक आहे का.’ ‘शिक्षा किती वेळ द्यावी.’ शाळेचे नाव कुठेच नव्हते.

दमदमच्या घरी चपला काढता काढताच तिने वडिलांना गाठले. श्यामसुंदर बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून आले आणि इथलेच झाले. ऋता इथेच जन्मली, बंगाली शाळेत शिकली. मराठी तिच्या वाट्याला आली ती घरातल्या बोलण्यापुरती.

“बाबा, शिक्षा म्हणजे शिक्षणच ना?”

म्हातारा हसला. “ते तुझ्या बंगाल्यांचं. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. इतकी वर्षं मराठी लिहून पगार घेतेस आणि एवढं ठाऊक नाही?”

ऋता तिथेच स्टुलावर बसली. लहानपणी घरात बंगाली शब्द तोंडातून गेला की बाबा तिला गॅलरीत उभे करत आणि दार लावून घेत. ‘ही तुझी शिक्षा,’ म्हणत. शाळेत बाईंच्या तोंडीही शिक्षाच असायची, शिकण्याच्या अर्थाने, म्हणून तिला वाटे, बाबा शिकवताहेत. ती उन्हात उभी राहून मराठी शब्द पाठ करायची आणि दार उघडले की म्हणून दाखवायची.

“मग मला गॅलरीत उभं करायचात, ते?”

“ती शिक्षाच. दुसरं काय?”

“मला वाटायचं, तुम्ही शिकवताय.”

श्यामसुंदरांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत लावला. पेपर त्यांच्या हातात तसाच राहिला, पान काही उलटले नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे ऐकून अनीशने कपाळाला हात लावला. मग म्हणाला, लोक शिक्षा शोधताहेत तर शिक्षाच द्या, दहा प्रकार लिहून टाका. ऋताला वाद घालायचे त्राण नव्हते. ती खुर्चीत बसली आणि तेच प्रश्न पुन्हा वाचू लागली. उपाशी ठेवणे चूक आहे का, असे विचारणारीने मुलीला आधीच उपाशी ठेवलेले असणार. तिला प्रकार नको होते.

शीर्षक तिने तेच ठेवले. खाली लिहिले, ‘शिक्षा करून झाली असेल तर आधी मुलाला जेवायला वाढा. मग जवळ बसून विचारा, तुला काय कळलं? तुम्हाला वाटतं तेच त्याला कळलं असेल असं नाही.’ पुढे गॅलरीतल्या एका मुलीची गोष्ट लिहिली, नाव न घालता. प्रकार एकही लिहिला नाही.

लोक थांबू लागले. फार नाहीत, पण आलेले शेवटपर्यंत वाचू लागले. दुर्गापूजेपर्यंत विभाग चालू ठेवा, असा वरून निरोप आला. अनीशने संदेश मिठाईचा डबा आणला. ऋताला आनंद व्हायला हवा होता, पण तिला नुसती झोप येत होती.

ती घरी आली तेव्हा श्यामसुंदर गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. दिवसभर ऑफिसात बंगालीच बोलणे झालेले, तिच्या तोंडातून निघून गेले, “बाबा, चा खाबे?”

गॅलरीचे दार उघडेच होते. म्हाताऱ्याने त्या दाराकडे बघितले.

“खाबो,” तो म्हणाला.

ऋताने चहाचे आधण ठेवले.