सामानापाशी कोण बसणार?

सहलीला निघालेल्या प्रत्येक कुटुंबात एक प्रश्न कुणी न विचारताच सुटलेला असतो : सामानापाशी कोण बसणार? ज्याचे गुडघे दुखतात तो. ज्याला फोटो काढता येत नाही तो. थोडक्यात, घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस.

बाईंच्या घरीही तसंच होतं. चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला म्हणून गाव त्यांना बाई म्हणायचं, आणि निवृत्तीनंतरही ते नाव अंगाला चिकटून राहिलं होतं. ही जुनी राजधानी त्यांनी दर वर्षी पाचवीच्या वर्गात खडूनं फळ्यावर काढली होती. बाहेर तट, आत राजवाडा, बाजूला तळं आणि मधोमध न्यायसभा. न्यायसभेच्या घुमटाखाली एका भिंतीशी कुजबुजलेला शब्द समोरच्या भिंतीशी स्पष्ट ऐकू येतो, म्हणून साक्षीदारांना आपापसांत काही ठरवताच येत नसे, हे ऐकताना वर्ग चिडीचूप व्हायचा.

"बाई, तुम्ही ऐकलाय तो आवाज?" एखादी पोर विचारायचीच.

"जाईन कधीतरी," बाई म्हणायच्या.

मग नवऱ्याचं आजारपण आलं, मुलाचं शिक्षण आलं, नातीचं बाळपण आलं. 'कधीतरी' उजाडायला शहात्तरावं वर्ष लागलं.

सहल तीन दिवसांची होती. पहिल्या दिवशी राजवाड्याच्या फाटकावर पाटी दिसली : पिशव्या आत नेऊ नयेत. मुलानं पाटी वाचली आणि आईकडे पाहिलं.

"आई, आत चढच चढ आहे म्हणे. तुझे गुडघे... तू बस इथं सावलीत. आम्ही आलोच."

"हो हो, जा तुम्ही," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तळ्यातल्या महालापाशी कुणी एवढंही विचारलं नाही. सुनेनं पिशव्या त्यांच्या पायाशी रचल्या, पाण्याची बाटली हातात दिली आणि ती निघून गेली. दोन दिवसांत बाईंनी राजधानीतले चार बाक पाहिले. एक दगडी, दोन लोखंडी, एक मोडक्या पाठीचा.

तिसऱ्या दिवशी न्यायसभा होती. संध्याकाळी परतीची गाडी होती, म्हणून सगळं सामान बरोबरच होतं. सकाळीच बाईंनी धीर करून सांगून टाकलं, "आज मी आत येणार हं."

"येणारच की, आई," सून म्हणाली. "आधी आम्ही बघून येतो पायऱ्या किती आहेत ते. मग तुम्हाला नेतो."

मुलगा, सून आणि नात तीनला आत गेली. साडेतीन वाजले, चार वाजले, साडेचार व्हायला आले. बाई पाचव्या बाकावर बसून फाटकाकडे बघत राहिल्या. शेवटी समोरच्या खिडकीतून एक पिकल्या मिशांचा कारकून बाहेर आला.

"मावशी, कुणाची वाट बघताय?"

"मुलगा, सून, नात आत गेलीत. सामान आहे ना."

"मग माझ्याकडे का नाही ठेवलंत? हे सामानघरच आहे की! पैसेही लागत नाहीत."

बाईंनी वर पाहिलं. बाकापासून दहा पावलांवर, हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : सामानघर. आतल्या मांडण्या रिकाम्या होत्या.

"राजवाड्यापाशीही असतं का हो हे?"

"प्रत्येक फाटकावर असतं. पण येतंय कोण? राग मानू नका, मावशी, लोक आपापली मांडणी घरूनच घेऊन येतात!"

बाई हसल्या आणि त्यांनी पुन्हा पाटीकडे पाहिलं. हजार पोरांना वाचायला लावलं, आणि स्वतः समोरची पाटी वाचली नाही! त्या ताडकन उठल्या. कारकुनानं एकेक पिशवी उचलून आत ठेवली. त्यानं दिलेला सामानाचा बिल्ला मुठीत धरून बाई गुडघ्यांना न विचारता फाटकाकडे निघाल्या.

"शेवटचा प्रवेश साडेचारला, आजी," पहारेकरी म्हणाला. "पाच मिनिटं वर झाली."

"उद्या?"

"उद्यापासून दुरुस्ती. तीन वर्षं बंद."

शहात्तरात तीन मिळवायला बाईंना खडू लागला नाही.

तेवढ्यात आतून तिघं आली. मुलानं आधी रिकामा बाक पाहिला, मग आई.

"आई! अगं, बॅगा कुठायत? माझा लॅपटॉप होता त्यात!"

"बॅगा सुखरूप आहेत, साहेब," मागून आलेला कारकून म्हणाला. "पण आई फाटकाशी का उभी आहे, ते नाही विचारलंत?"

"तुम्ही मधे पडू नका हो. तिचे गुडघे दुखतात. आम्ही तिच्या सोयीसाठीच..."

"सोय कुणाची? आत चाकाची खुर्ची मिळते. मागितलीत?"

बाईंनी मुलाला विचारलं, "घुमटाखालचा आवाज ऐकलात का रे?"

"कसला आवाज?"

"आजी, आम्ही खूप फोटो काढले. हे बघ," नात म्हणाली. प्रत्येक फोटोत तीन चेहरे होते, मागे थोडासा खांब. घुमट एकातही नव्हता.

"तुलाही शिकवलं होतं मी," बाई मुलाला म्हणाल्या. "पाचवीत. पहिला हात तूच वर केला होतास. 'बाई, मी नेईन तुम्हाला,' म्हणाला होतास. वर्ग हसला होता."

मुलाचा चेहरा उतरला. तो धावत पहारेकऱ्याकडे गेला, हात जोडले, नियम मोडायला विनवलं. पहारेकऱ्यानं नकारार्थी मान हलवली आणि दाराचा आडणा सरकवला.

"आई, चुकलो गं! पण तू बोलली का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस, मी बोलले नाही. एकाच पेपरात दोघंही नापास झालो, बाळा."

नातीनं आजीकडे पाहिलं, मग आईकडे. "म्हणजे आई म्हातारी झाली की ती बसणार का सामानापाशी?"

सुनेनं सासूचा हात हातात घेतला आणि ती रडू लागली. बाईंनी हात सोडवून घेतला नाही, पण तिचे डोळेही पुसले नाहीत. त्या बंद दाराकडे बघत राहिल्या.

वाचकहो, घरातलं म्हातारं माणूस "जा तुम्ही" म्हणतं, तेव्हा ते उत्तर नसतं, जन्मभराची सवय असते. म्हणून पुन्हा विचारा, आणि हाताला धरून न्या. आणि माझ्या वयाच्या बायांनो, 'मलाही बघायचंय' हे पहिल्याच फाटकावर मोठ्यानं सांगा. पोरांना पश्चात्ताप होतो, नाही असं नाही. पण त्यांच्या पश्चात्तापानं साडेचारला बंद झालेलं दार उघडत नाही!