बारा मिनिटांची मोकळी जागा

मशीनरूममध्ये सर्व्हर सांभाळणाऱ्या तात्यांना तिथून हलवायचं पत्र टाइप होऊन पडलं होतं, नुसती सही बाकी. आणि सर्व्हरवर नजर ठेवायला दोन टूलपैकी कोणतं घ्यायचं, ते मला त्याच दुपारपर्यंत सांगायचं होतं.

आमचं काम रक्ततपासणीचे रिपोर्ट प्रयोगशाळेतून डॉक्टरांच्या फोनवर पोचवायचं. मंगळवारी एक तातडीचा रिपोर्ट बारा मिनिटं उशिरा गेला. तात्यांचं म्हणणं, सर्व्हरच बंद होता, वहीत लिहिलंय. मॅनेजरबाईंनी नव्या टूलवरचा आलेख दाखवला. सर्व्हर चालू असल्याची हिरवी रेघ कुठेही तुटलेली नव्हती, म्हणजे लक्ष तात्यांचंच नव्हतं. मीही उचलली जीभ लावली टाळ्याला आणि म्हणाले, "वय झालं की लागतेच डुलकी." एकवीस वर्षं डोळ्यांत तेल घालून बसलेला माणूस, वही मिटून मशीनरूममध्ये परत गेला.

तर दोन टूल. पहिलं, ज्यावरचा आलेख बाईंनी दाखवला ते, नुसतं बघत बसावं असं नटवं. दुसरं राखाडी, रडक्या चेहऱ्याचं. माझं मत केव्हाच ठरलं होतं. आठवडाभर दोन्ही एकाच सर्व्हरला जोडलेली होती खरी, पण दुसरं मी उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

सकाळी दोन्ही शेजारीशेजारी उघडली आणि मंगळवारपाशी गाडी अडली. पहिल्यात रेघ सरळ. दुसऱ्यात ती अकरा चाळीसला संपते आणि अकरा बावन्नला पुन्हा सुरू होते, मधे काही नाही. मला वाटलं, या ध्यानाला मोजताच येत नसेल. पण सर्व्हर एकच, आकडे तेच, मग हे असं कसं? डोक्यात किडा शिरला की मला चैन पडत नाही. पहिल्यातली रेघ मोठी करून बघितली. त्याच्या आधी आणि नंतर दर मिनिटाला मोजल्याचा ठिपका होता, या बारा मिनिटांत एकही नाही. दोन टोकं धरून मधे नुसती रेघ ओढलेली.

तात्यांची वही आणली. ११.४० बंद. ११.५२ चालू.

मग सेटिंग्ज उपसली. एका कोपऱ्यात चौकोन होता, 'रिकाम्या जागा जोडा', आणि त्यात बरोबरची खूण. खूण कुणी केली तेही शेजारी लिहिलेलं. मी. पहिल्याच दिवशी त्या तुटक रेघा मला पडक्या दातांसारख्या दिसल्या होत्या, म्हणून मीच ती केली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅनेजरबाईंना सगळं दाखवलं. त्यांनी पत्र फाडलं आणि टूल कोणतं, ते विचारलं. मी राखाडी म्हटलं. पहिल्यातली खूण काढली तर तेही खरंच बोलेल की, त्या म्हणाल्या. बोलेल, मी म्हटलं, पण माझ्यासारखी कुणीतरी शहाणी ती पुन्हा करील. दुसऱ्यात तो चौकोनच नव्हता.

मग मशीनरूममध्ये जाऊन तात्यांची माफी मागितली. त्यांनी वही उघडून मंगळवारचं पान माझ्यापुढे सरकवलं. कारणाचा रकाना कोरा होता.

"हे का नाही भरलं?" मी विचारलं.

"माहीत नव्हतं. माहीत नसलं की मोकळं सोडायचं." त्यांनी दुसरी खुर्ची ओढली. "बस. सर्व्हर बंद का पडला, ते अजून कुणी शोधलंच नाही. आणि मला डुलकी लागली तर उठव."