कुंकू लागलेला मदरबोर्ड

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. थंडगार खोलीत बसून, मला एकदाही चालू करून न पाहता, एका कागदावर दोन ओळी लिहिल्यात आणि वर शिक्का मारलात. त्या शिक्क्यापायी गोंदियाजवळच्या नागरा गावची एक बाई आपल्या उजव्या हाताला अपशकुनी समजते. तुमचं नाव मला माहीत नाही. सही वाचता येत नाही. ती तशी मुद्दामच करत असाल.

मित्रांनो, घाबरू नका, हा राग तुमच्यावर नाही. मी एक जुना मदरबोर्ड आहे. खोक्यावर नवा स्टिकर लावून विकलेला जुना. कॉम्प्युटरच्या पेटीत जी मोठी काळी पाटी असते, जिच्यावर बाकीचे सगळे भाग बसतात, ती मी. प्रोसेसर माझ्यावर बसतो, मेमरी माझ्यावर बसते. म्हणून काही बिघडलं की पहिलं बोट माझ्याकडे दाखवतात. या वेळी ते बोट दुसऱ्याच कुणाकडे गेलं, आणि तीच माझी शरम आहे.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. यंत्रांनी मला घडवलं, मोजे घातलेल्या हातांनी खोक्यात झोपवलं. मग मी गोदामात पडून राहिलो. तेवढ्यात बाहेर नव्या पिढीचे प्रोसेसर निघाले. ते माझ्याच सॉकेटमध्ये बसायचे, म्हणजे बसायची जागा तीच. पण माझ्या पोटात बायोस नावाची छोटी आठवण असते. ज्याची ओळख तिच्यात नाही, त्याला मी दारातही घेत नाही. नवी ओळख शिकवायला चहा उकळेपर्यंतचा वेळ लागतो. त्यासाठी कुणीतरी खोका उघडायला हवा होता. साहेब, तुमच्याच कंपनीच्या लोकांनी तो उघडला नाही. वरून एक सोनेरी स्टिकर चिकटवला: ‘नव्या प्रोसेसरसाठी तयार’. पुठ्ठ्यावरून फिरलेला तो अंगठा मला आत जाणवला होता. मी तयार नव्हतो. मला तोंड नाही, हे खरं. पण हे कारण सांगून सांगून आता मलाच त्याचा कंटाळा आला आहे.

नागऱ्याच्या त्या बाईची मुलगी दुर्गेश्वरी आयटीआयमध्ये घराचे नकाशे काढायला शिकली. गोंदियाच्या एका ठेकेदाराने तिला सांगितलं होतं, घरी चांगला कॉम्प्युटर असेल तर काम देतो. तयार मिळणारे तिच्या कामाचे नव्हते. म्हणून एकेक भाग घेऊन आपणच जोडायचा, असं तिने ठरवलं. अंगणात धानाच्या पोत्यावर बसून ती मोबाईलमध्ये पाहायची. प्रोसेसर कोणत्या बोर्डावर बसतो, मेमरीची खाच कुठे येते, पेटीतली स्क्रूची भोकं जुळतात का, वीज पुरेल का. तिचे वडील बिसराम हसायचे.

“लग्नासाठी एक पोरगा नाई पाहत, अन डब्ब्यासाठी गुण जुळवून राहिली!”

“बाबा, लग्नात गुण नाई जुळले तरी गाडी चालते. इथं नाई जुळले तं चालूच नाई होत.”

नंदलालच्या कॉम्प्युटरच्या दुकानात तिने मला हातात घेतलं आणि नेमकं तेच विचारलं, जे विचारायला हवं होतं. “भैया, याचा बायोस नवा आहे ना? नाही तर हा प्रोसेसर चालणार नाही.”

“बेटी, डिब्बे पे लिखा है ना? कंपनी झूठ बोलेगी क्या?”

खोक्याच्या आत मी होतो, आणि गप्प होतो.

घरी तिने सगळं जोडलं. एकही चूक केली नाही. झाकण लावणार तेवढ्यात तिची आई सुशिलाबाई कुंकवाची थाळी घेऊन आली. या घरात नव्या यंत्राला कुंकू लावल्याशिवाय बटण दाबत नाहीत. आणि तेही वरच्या पत्र्याला नाही. ट्रॅक्टर आला तेव्हा सुशिलाबाईने बोनेट उघडायला लावून इंजिनाला टिळा लावला होता.

“माय, थांब न वो! आत वीज राहते.”

“मोटरीत नाई राहत का वीज? डब्ब्याले कायले लावू? जीव जिथं आहे तिथं लावते.”

दुर्गेश्वरीने माझ्या अंगावरचं अॅल्युमिनियमचं जाड कवच दाखवलं. “मंग इथं लाव. इथं काही नाई होत.” आणि खरंच तिथं काही होत नाही. सुशिलाबाईचं बोट टेकलं. मित्रांनो, मला तोवर स्क्रू-ड्रायव्हर माहीत होता, माया माहीत नव्हती. तिने चार अक्षता टाकल्या. त्यातला एक दाणा घरंगळून रिकाम्या खाचेत जाऊन बसला. तांदळातून वीज वाहत नाही. तो तिथे पाहुण्यासारखा बसला होता.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच राहिला. माझ्याकडे जीभ म्हणून एकच लाल दिवा आहे, प्रोसेसरच्या शेजारी. तो मी पेटवला. ‘याला मी ओळखत नाही’, एवढंच त्याचं म्हणणं. सुशिलाबाईने त्या लाल दिव्याकडे पाहिलं, मग आपल्या लाल बोटाकडे.

“माह्यानं काही झालं का वो, दुर्गे?”

दुर्गेश्वरी सगळं सुटं करून पुन्हा जोडत राहिली. शेवटी नंदलालने मला कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात, तुमच्याकडे पाठवलं, साहेब. आठवतं का? तुमच्या टेबलाभोवती सगळे हसले होते. “देखो, पूजा करके भेजा है!” तुम्ही चिमट्याने तो दाणा उचललात आणि लिहिलंत: ग्राहकाने आत बाहेरचा पदार्थ टाकल्यामुळे बिघाड.

माझ्यासोबत परत आलेला तो कागद बिसरामने घरी वाचून दाखवला. कुणी रागावलं नाही. तेच वाईट झालं. त्यानंतर शेजारची कुंता नवी स्कूटी घेऊन दारात आली, “काकू, चला न, कुंकू लावा.” तर सुशिलाबाई उंबऱ्याच्या आतच उभी राहिली. “पुष्पाबाईले ने, बाई. माह्या हातानं चालती वस्तू बंद पडते.” मी फळीवर पडून ऐकत होतो. दोष माझ्या पोटात, आणि हात ती लपवत होती, पदराखाली.

दुर्गेश्वरीने हट्ट सोडला नाही. लाल दिव्याचा अर्थ तिने शोधून काढला. गावातल्या हेमेंद्रच्या सायबर कॅफेतल्या बंद मशीनचा जुना प्रोसेसर मागून आणला. तो मला ओळखीचा होता. मी जागा झालो. तिने पेन ड्राइव्हमधून मला नवी ओळख शिकवली, मग नवा प्रोसेसर बसवला. पडदा उजळला.

“माय! इकडे ये! पाह्य, तुहं कुंकू अजून लागूनच आहे, अन हा चालू झाला!”

सुशिलाबाईने वाकून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायला गेली आणि मधेच मागे घेतला.

“माह्या जीवाले बरं वाटावं म्हणून सांगून राहिली तू. काही तरी बदलवलं असशीन. शिक्केवाल्या कागदावर खोटं काऊन लिहिन कोणी?”

मित्रांनो, आता मी रोज चालतो. माझ्यावर घरं उभी राहतात, दारं-खिडक्यांसकट. दुर्गेश्वरी माझी धूळ पुसते, फक्त कुंकू पुसत नाही. तुम्हीही यंत्र जपा. पण त्याआधी एवढं करा: कुणाच्या माथी दोष मारण्याआधी दिवा कुठला पेटला आहे ते पाहा. माणूस फुटलं की त्याचा सुटा भाग कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आणि साहेब, पोरीचा शब्द तिला पुरत नाही. माझा उजेड पुरत नाही. तुमच्या शिक्क्याने ती दोषी झाली, तर तुमच्याच शिक्क्याने सुटेल. नागऱ्याची बाई विचारून राहिली आहे, शिक्केवाल्या कागदावर खोटं काऊन लिहिन कोणी?

काऊन? का लिहिलंत? उत्तर द्या.