मुगीचं उठणं

शनिवारी संध्याकाळी टीव्हीवरचा यंत्रमानव जमिनीवर कोसळला आणि माझ्या मुलीसारखा उठला.

मी मुगीला मासा कुस्करून घातलेला भात भरवत होते. चमचा हवेतच राहिला. आधी त्याने दोन्ही तळवे जमिनीवर टेकले. मग कंबर वर गेली, इतकी वर की डोकं खाली लोंबायला लागलं. आणि सरळ व्हायच्या आधी तो थांबला. आपल्याच पायांच्या मधून त्याने उलट्या डोक्याने मागे पाहिलं, मागे कुणी आहे ना याची खात्री करून घ्यावी तसं. मग उठला.

मुगी उभं राहायला शिकली ती गेल्या शरदात, आणि शिकली ती अशीच. "पायांतून मागे बघणारं मूल पाठचं भावंड शोधत असतं," असं सासूबाईंनी फोनवर खुशीत सांगितलं होतं. मला इतक्यात दुसरं नको होतं. त्यात मुगीच्या मानेत काही दोष तर नाही ना, अशी वेगळीच भीती डोक्यात शिरली आणि मी आरोग्य केंद्रातल्या नर्सला विचारून आले. ती हसली. मी मात्र त्यानंतरही कितीतरी दिवस मुगीच्या मागे उभी राहून ते उठणं बघत राहिले. त्यामुळे ते ओळखण्यात माझी चूक होणं शक्य नव्हतं.

टीव्हीवरची ती अ‍ॅनिमेशन मालिका सेगावाची होती. माझ्या नवऱ्याची, हिराकूची मालिका ऑक्टोबरात सुरू व्हायची होती. दिग्दर्शक म्हणून त्याची पहिलीच. आणि तिच्या पहिल्या भागात यंत्रमानव अगदी असाच उठणार होता. हिवाळ्यात त्या भागाच्या स्टोरीबोर्डची, म्हणजे एकेक प्रसंग चित्रांत मांडलेली पानं आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरलेली मी पाहिली होती. "ही तर मुगी," असं मी म्हटलं तेव्हा हिराकू विचित्र हसला होता आणि त्याने पानं गोळा केली होती.

आता सेगावाचं आधी दिसलं. म्हणजे ऑक्टोबरात सगळे म्हणणार, चोर हिराकू.

सेगावाबद्दल मला पहिल्यापासूनच खात्री वाटत नव्हती. तो आणि हिराकू, दोघेही कुझुमी सेन्सेईंच्या हाताखाली शिकलेले. सेन्सेईंच्या स्टुडिओत एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून दोघांनी तरुणपण घालवलं. मग सेन्सेई नागानोला जाऊन सफरचंदं पिकवू लागले आणि हे दोघे दोन वेगळ्या कंपन्यांत गेले. तरी सेगावा दर रविवारी आमच्याकडे यायचा. दोघांच्या चष्म्याच्या काड्या सारख्या, पेन्सिली सारख्या, वाक्य अर्धं सोडून मान खाजवायची सवय सारखी. "यातलं कुणाचं कुणी उचललं?" असं मी एकदा विचारलं तर हिराकू म्हणाला, "आता कुणाला आठवतंय." त्याला ती गंमत वाटत होती. मला वाटत नव्हती. प्रश्नाचं उत्तर नसेल तर ते कुणीतरी लपवलेलं असतं, असं मला वाटतं. लग्नाआधी मी शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायचे, त्याचा हा परिणाम असेल.

शिवाय सेगावा मुगीकडे एका पद्धतीने बघायचा. ती खेळत असली की तो बोलायचं थांबायचा, डोळे बारीक करायचा आणि त्याची बोटं गुडघ्यावर हलायला लागायची. एक, दोन, तीन, जरा थांबून पुन्हा. ते मोजणं कशाचं, ते मला त्या शनिवारी कळलं. माझ्या मुलीच्या हालचालीचे तो मनातल्या मनात एकेका चित्रात भाग पाडत होता.

शेवटची नावं सरकायला लागली तशी मी टीव्हीजवळ गेले. दिग्दर्शक, सेगावा शुन्पेई. पहिल्या भागाचा स्टोरीबोर्ड, हाझामा ताकेशी. हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. टोपणनाव असणार. चोरी करायची आणि वर दुसऱ्याच्या नावावर टाकायची, म्हणजे कुणी बोट दाखवलं की हात वर.

हिराकू स्टुडिओतून आला तेव्हा मी चहा घातलेला भात त्याच्यापुढे ठेवला आणि सेगावाचा यंत्रमानव मुगीसारखा उठला, हे एका दमात सांगितलं. तो जेवत राहिला.

"योगायोग असेल," तो म्हणाला.

"मुगीचं उठणं योगायोगाने कुणाला सुचेल?"

"यंत्रमानव म्हटला की तो पडणार. पडला की उठणार. उठायचे प्रकार असून असून किती असणार, कानाए."

त्याने लोणच्याचा मुळा चावला आणि वाडग्यात बघत विचारलं, "मागे बघताना जे थांबणं आहे, ते पुरेसं लांबलं का? की घाईत उरकलं?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. थांबण्याबद्दल मी त्याला अजून काहीच सांगितलं नव्हतं.

"तू बघितलंस का आजचा भाग?"

"नाही ना. कामात होतो," तो म्हणाला. आणि मग, मुगीची आंघोळ आधीच झालेली असूनही, तिला आंघोळ घालायला उठला.

आता माझ्याकडे संशय घ्यायला दोन माणसं झाली होती.

रविवारी सकाळी नागुमोबाईंचा फोन आला. त्या हिराकूच्या मालिकेच्या निर्मात्या, त्याला तोबा या आडनावाने हाक मारतात. त्यांचा आवाज इतका मोठा आहे की फोन कानाला लावला काय किंवा टेबलावर ठेवला काय, सारखंच.

"तोबाकुन, आपल्याला पैसे देणाऱ्या खेळणी कंपनीच्या साहेबांनी काल टीव्ही बघितला. रात्रभर मला निरोप पाठवतायत. तुझा पहिला भाग त्यांनी कच्च्या रूपात पाहिलाय ना. ते म्हणतात, हा दिग्दर्शक नक्कल करतो, दुसरा बघा."

"मी नक्कल केलेली नाही."

"मला माहीत आहे. पण उद्या दुपारी ते माझ्यासमोर बसणार आहेत. मी काय सांगू? ते उठणं कुठून आलं?"

हिराकूने मान खाजवली. मग म्हणाला, "उद्या सांगतो."

"उद्या सांगितलंस तर उद्या वाचशील," बाई म्हणाल्या. "नाहीतर तुझ्या खुर्चीवर कोण बसणार हे त्यांनी ठरवूनच ठेवलंय."

फोन ठेवून तो म्हणाला, पाव घेऊन येतो, आणि चपला सरकवून गेला. रेल्वे फाटकापलीकडच्या बेकरीत करी भरलेले तळलेले पाव मिळतात. तो काळजीत असला की ते आणतो आणि एकही खात नाही.

तो नसतानाच सेगावा आला. हातात नेहमीसारखा केकचा खोका. दारात त्याने बूट काढून बाहेरच्या दिशेला वळवून ठेवले, आणि मी आपल्याकडे बघतेय हे त्याच्या लक्षात आलं.

"वहिनी, चेहरा का असा? मुगीला ताप आहे का?"

"मुगी बरी आहे. तुमचा यंत्रमानवही बरा आहे म्हणे. पडला, पण छान उठला."

तो हसला नाही. "पाहिलंत तुम्ही."

"पाहिलं. माझी मुलगी टीव्हीवर आली आणि मला बोलावणं नाही."

तो बसला, त्याच्या नेहमीच्या जागी, जिथून मुगीची चटई समोर दिसते. मी जवाचा गार चहा ओतला. आदळला, असं म्हणायला हरकत नाही.

"सेगावासान, दर रविवारी तुम्ही केक घेऊन येता आणि काय घेऊन जाता, ते मला आता कळलंय. उद्या हिराकूची मालिका जाईल. हा हाझामा ताकेशी कोण, ते मला नाव-गावासकट सांगा. मी नागुमोबाईंना फोन करते."

त्याने चहाचा पेला दोन्ही हातांत धरला. "तो काहीच बोलला नाही तुमच्याशी?"

"कोण?"

"तोबा."

तेवढ्यात दार उघडलं. हिराकू पावाची पिशवी घेऊन आत आला आणि आम्हा दोघांना बघून तिथेच उभा राहिला.

"सांग," सेगावा त्याला म्हणाला. "वहिनी हाझामाला पोलिसांत द्यायला निघाल्यात."

हिराकूने पिशवी टेबलावर ठेवली. "हाझामा ताकेशी मी आहे," तो म्हणाला.

मुगी चटईवर ठोकळे आपटत होती.

मग तुटक तुटक बाहेर आलं. कुझुमी सेन्सेईंचा एक नियम होता. आपल्या मालिकेचा पहिला भाग आपण रेखाटायचा नाही. आपल्याला आपलं सगळंच आवडतं. जो आपल्याशी भांडतो त्याच्याकडे तो द्यायचा. म्हणून सेगावाचा पहिला भाग हिराकूने रेखाटला होता आणि हिराकूचा सेगावाने. दोघांच्या करारात दुसऱ्या कंपनीचं काम करायला बंदी, म्हणून टोपणनावं. आणि म्हणूनच हे कुणाला सांगता येत नव्हतं, मलाही.

"म्हणजे टेबलावर होती ती पानं..."

"सेगावाची," हिराकू म्हणाला. "तू म्हणालीस ही तर मुगी, तेव्हा मला घाम फुटला. कारण मी तेच त्याला देऊन बसलो होतो."

"मग सांगायचंस की त्याला."

"कसं सांगू? उठण्यातली इतकी चांगली जागा त्याने मला दिली होती. स्वतःला न ठेवता. मी म्हणणार, काढून टाक, मी तुला आधीच दिलीय?"

"अरे गाढवा," सेगावा म्हणाला. "मी पण तेच केलं. तुझी पानं आली, बघितलं, म्हटलं आता बोललो तर हा ती जागा परत घेईल. म्हणून गप्प बसलो. वाटलं, तू तुझ्याकडची गुपचूप बदलशील."

"मला वाटलं तू बदलशील."

"माझी का बदलू? ती तू काढलेली होती."

मला राग आला, तो कुणावर काढायचा ते मात्र ठरेना. एकाच मुलीकडे दोघे बघत बसले, दोघांना एकच सुचलं, आणि दोघांनी ते एकमेकांना भेट दिलं. चोर कुणीच नव्हता. आणि मालिका मात्र जाणार होती.

"आता माझ्याकडची कापली पाहिजे," हिराकू म्हणाला. "तुझी दाखवून झालीय."

"ती कापलीस तर त्या भागात राहतं काय? पडला आणि उठला. खेळणं विकायला तेवढं पुरे, पण मी त्यासाठी नाही रेखाटलं."

"मग उद्या मी बाईंना काय सांगू? तूच सांग."

"सांग की सेगावाने चोरलं. माझी मालिका सुरू झालीय, मला आता काढणार नाहीत."

"तोंड बंद कर."

"तू बंद कर. घरात बायको-पोरगी आहे तुझ्या."

ते भांडत राहिले, प्रत्येक जण नुकसान आपल्याकडे ओढत. मी ऐकत होते आणि मला एक गोष्ट खटकत होती. दोघांपैकी एकही मुगीकडे बघत नव्हता.

"ती आता तशी उठतच नाही," मी म्हटलं.

दोघे थांबले.

"तुम्ही दोघं गेल्या शरदातली मुगी घेऊन बसलात. गेल्या महिन्यापासून ती तशी उठत नाही. मी नर्सला विचारूनही आले, हे अचानक का थांबलं म्हणून." हे सांगताना मला थोडी लाज वाटली. पण दोघेही हसले नाहीत.

मुगीला मी हाक मारली नाही. हाक मारली की ती मुद्दाम येत नाही. मी फक्त पावाची पिशवी उघडली. वास गेला तशी तिने हातातला ठोकळा सोडला. एक गुडघा वर घेतला. त्यावर एक हात ठेवला, म्हाताऱ्या माणसासारखा. दुसरा हात हवेत, काहीच न धरता. एकदा डुलली, मागे पडते की काय असं वाटलं, आणि उठली. आली सरळ पिशवीकडे. मागे एकदाही पाहिलं नाही.

गेला महिनाभर तिचं हे मागे न बघणं मला खुपत होतं, ते मी कुणाला बोलले नव्हते.

"मागे बघत नाही," हिराकू हळूच म्हणाला. "पहिल्याच भागात. सगळे मागून हाका मारतायत, आणि तो बघत नाही."

"हवेतला हात," सेगावा म्हणाला. "तो हात कशाला धरणार, हे शेवटच्या भागापर्यंत..."

त्याचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला होता. मी तो मधेच धरला.

"सेगावासान, तुम्ही नाही. हे त्याचं आहे. या वेळी स्वतःचं स्वतः रेखाटू दे."

"वहिनी, सेन्सेईंचा नियम आहे."

"सेन्सेईंना मुलगी नव्हती."

सेगावाने पेन्सिल टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे सरकवली. हिराकूने केकचा खोका उलटा करून त्याच्या पांढऱ्या बाजूवर रेघा ओढायला सुरुवात केली होती. केक एका कडेला चिकटून बसला. सेगावा समोरून उलटं बघत होता आणि ओठ चावत होता. एकदा त्याच्याने राहवलं नाही. "खांदा जरा..." तो म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो गप्प बसला. हिराकूने खांदा बदलला.

सोमवारी दुपारी नागुमोबाईंचा फोन आला. हिराकूच्या नव्या पानांवर साहेबांनी बराच वेळ घेतला, असं त्या म्हणाल्या. मग साहेबांनी विचारलं, हा मागे का बघत नाही, बाकीचे बघतात की.

"मग तुम्ही काय सांगितलंत?" हिराकूने विचारलं.

"म्हटलं, बघतात ते लहान आहेत. हा मोठा झालाय." मग म्हणाल्या, "खुर्ची तुझीच. तो प्रसंग पुन्हा काढायचाय, तेव्हा या महिन्यात झोप विसर."

पुढच्या रविवारी सेगावा आला, नवा केक घेऊन. त्याची बसायची जागा मी आधीच बदलून ठेवली होती. उशी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, पाठ मुगीच्या चटईकडे. तो तिथेच बसला. दोघे बोलायला लागले तशी मी निश्चिंत होऊन चहा ठेवायला उठले.

चहा घेऊन परत आले तेव्हा सेगावाची बोटं गुडघ्यावर हलत होती. त्याच्या समोर खिडकी होती, आणि काचेतल्या प्रतिबिंबात मुगी खोक्याचं झाकण डोक्यावर घेऊन उभी होती.