मागच्या सीटवरची झोप

गाडीत धुराचा वास येतो, असे शर्वरीने शनिवारी सांगितले. शर्वरी माझी सून. ती देपालपूरच्या शाळेत शिकवते आणि सहा वर्षांच्या मधुरिमाला त्याच शाळेत सोबत नेते. इंदूरच्या तुकोगंजातून, आमच्या घरून, निघाले की तासाभराचा रस्ता. फेब्रुवारीची थंडी, म्हणून काचा बंद. मुलगा धनेश नोकरीसाठी पुण्यात असल्याने गाडीची देखभाल माझ्याकडे असते.

"आणि बाबा, मधू शाळेत पोचेपर्यंत एकदम सुस्त होऊन जाते," शर्वरी म्हणाली. "उतरवलं की म्हणते, सिर दुखतंय."

"रात्री मोबाइल बघत बसते तुझी लेक," माझी पत्नी सुहासिनी म्हणाली. "डोकं दुखेल नाही तर काय!"

पॉलिटेक्निकमध्ये आम्हाला एक नियम शिकवला होता: दोष शोधताना एका वेळी एकच बदल करावा आणि लगेच चाचणी घ्यावी. रविवारी सकाळी मी बॉनेट उघडले, थंड इंजिन चालू केले आणि धूर नेणाऱ्या नळाच्या सांध्यावर साबणाचे पाणी सोडले. एका ठिकाणी बुडबुडे आले. दोन नट सैल होते. ते पान्याने आवळताच बुडबुडे थांबले. गुडघ्यांमुळे गाडीखाली मात्र मी गेलो नाही. मिलच्या रंगखात्यात काढलेल्या वर्षांनी माझे नाक निकामी केले आहे, म्हणून चाचणीला शर्वरीला पाठवले. राजवाड्यापर्यंत फेरी मारून ती परतली.

"धुराचा वास गायब, बाबा! मान गए."

मी त्यावर विश्वास ठेवला.

सोमवारी दोघी सातला निघाल्या. साडेसातला सुहासिनीने माझ्यासमोर पोह्यांची बशी ठेवली.

"पाने तुम्ही फिरवलेत, पण काम केलं माझ्या कापरानं," ती हसत म्हणाली.

"कसला कापूर?"

"शनिवारीच दोन पुरचुंड्या ठेवल्यात मागच्या सीटखाली. चांगला भीमसेनी."

माझा हात बशीवरच थांबला. म्हणजे बदल एक नव्हे, दोन झाले होते, आणि शर्वरीच्या नाकाने दिलेली ग्वाही कापराची होती. धुरात जो वायू जीव घेतो त्याला मुळात वासच नसतो. जळकट वास हा केवळ त्याचा इशारा असतो, आणि तो इशारा आम्ही झाकून टाकला होता. मधुरिमाची सुस्ती, डोकेदुखी, सारे एका ओळीत येऊन उभे राहिले. ती मागे झोपून जाते. गाडी निघून पस्तीस मिनिटे झाली होती.

मी फोन लावला. शर्वरीने उचलला नाही. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हा दंडक मीच घातला होता. पुन्हा लावला. वाटेतले हातोद गाव मागे पडले असेल. बंद काचा, छोटे शरीर, भराभर चालणारा श्वास. मोठ्यांच्या आधी मुलाला बाधा होते. अकराव्या वेळी रिंग पूर्ण वाजून बंद झाली आणि लगेच शर्वरीचाच फोन आला.

"बाबा! क्या हुआ? आई ठीक आहेत ना?"

"गाडी कुठे आहे?"

"साइडला घेतली. एवढे फोन आले, मी घाबरले—"

"इंजिन बंद कर. मधूला बाहेर काढ. आत्ता."

"अहो, झोपलीये ती."

"शर्वरी, उठव तिला!"

दार उघडल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज, आधी साधा, मग चढत गेलेला. "मधू... मधू, ऊठ बेटा. मधू! बाबा, ही उठत नाहीये हो."

पुढे किती वेळ गेला ते मी मोजले नाही. आयुष्यात प्रथमच मोजले नाही. शेवटी ओकारीचा आवाज आला आणि बारीक रडणे. "मम्मी, ठंड लग रही है."

एका जीपवाल्याने दोघींना इंदूरच्या रुग्णालयात आणले. आम्ही पोहोचलो तेव्हा नर्सने मधुरिमाच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावला होता.

"देखो दादाजी, अठानवे है. टेन्शन मत लो."

"हे यंत्र धुरातल्या विषारी वायूलाही ऑक्सिजनच समजते," मी म्हणालो. "कृपा करून रक्त तपासा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले आणि आधी ऑक्सिजनचा मास्क लावला, मग रक्त घेतले. विषारी वायूचे प्रमाण एकोणीस टक्के निघाले. दुपारपर्यंत मी त्या मास्कवर उमटणारी आणि विरणारी वाफ पाहत राहिलो.

गाडी ओढून गॅरेजात नेली. मेकॅनिक ऋषभने ती वर उचलली. मागच्या सायलेन्सरची शिवण गंजून फाटली होती आणि डिक्कीच्या कडेचे रबर खालून वीतभर उखडले होते. मागे साचणारा धूर त्या फटीतून थेट मागच्या सीटवर खेचला जात होता.

"ये रबर तो किसी ने रगड़ा है, बाबूजी. बोरी-वोरी खींची क्या?"

पंधरवड्यापूर्वी वेफर्ससाठी देपालपूरहून याच डिक्कीतून बटाट्याची दोन पोती आली होती. त्यांना मी कोणालाच हात लावू दिला नव्हता.

"मी ओढली," मी म्हणालो.

सायलेन्सर नवा बसवला, रबर नवे बसवले. मी तो विषारी वायू मोजणारा मापक विकत आणला, काचा बंद करून मधुरिमाच्या जागी तासभर बसलो आणि ऋषभला गाडी फिरवायला लावली. आकडा शून्यावरून हलला नाही.

पुढच्या सोमवारी मीही त्यांच्याबरोबर निघालो. मापक मांडीवर होता. हातोदच्या अलीकडेच मधुरिमाची मान माझ्या दंडावर कलंडली. आकडा शून्य. मी मापकाची बॅटरी पाहिली, काच दोन बोटे उतरवली. आकडा शून्यच. मग मी तिला हलवले.

"आजोबाऽ, सोने दो ना!"

"सांग बरे, शाळेत बाईंनी काय शिकवले?"

ती वैतागून बेरजा सांगू लागली. देपालपूर येईपर्यंत मी तिला झोपू दिले नाही.